गोठ्यातील वैद्यक : पारखून घ्यावे, लिहून ठेवावे

(ग्रामीण कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



'पशुधन आणि पारंपरिक उपचार' हा विषय आज मला देण्यात आला आहे. मी पशुवैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बातमीच्या निमित्ताने गावोगाव फिरलेला पत्रकार, एवढाच माझा अधिकार. तेव्हा औषधे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. आपल्या गोठ्यांत आणि मेंढपाळांच्या वाड्यांवर जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले, त्याचे आज काय होत आहे आणि आपण त्याचे काय करावयास हवे, याविषयी चार विचार मांडावेत, एवढाच हेतू आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन पक्ष आपल्याला नेहमी भेटतात. एक पक्ष म्हणतो, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते. आता नव्याने शोधायचे काही उरलेले नाही. दुसरा पक्ष म्हणतो, हे सारे अडाण्यांचे खूळ आहे. दोन्ही पक्षांत एक साम्य आहे. तपासून पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात. या दोघांच्या भांडणात ज्याचे खरे नुकसान होते, ते जनावर मुके आहे आणि ज्या म्हातारीला त्या जनावराचे दुखणे कळत होते, तिला कोणी विचारत नाही.

परंपरा किती जुनी?

पशुचिकित्सा ही आपल्याकडे केवळ तोंडी चालत आलेली गोष्ट नव्हती. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या, तेथे त्या आणवून लावल्या, असेही त्यात कोरलेले आहे. गिरनारच्या खडकावर तो लेख आजही पाहावयास मिळतो. राजाने माणसांच्या बरोबरीने जनावरांच्या औषधाची चिंता करावी आणि ते दगडावर कोरून ठेवावे, ही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील गोष्ट आहे.

घोड्यांच्या चिकित्सेची परंपरा शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाते. हत्तींच्या चिकित्सेवर पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' आहे. अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो आणि पालकाप्य मुनी उत्तरे देतात, अशी त्याची मांडणी. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी त्याची चार स्थाने आहेत. हा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ साली छापला, ही आपल्या महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट.

परंतु मला विशेष वाटतो तो कौटिल्याचा एक नियम. पशूच्या वैद्याच्या चुकीने रोग बळावला, तर त्याला दंड. औषधाच्या दोषाने जनावर दगावले, तर त्याच्या किमतीएवढा दंड. याचा अर्थ आपण नीट ध्यानात घेऊ या. 'परंपरेने सांगितले म्हणून दिले' ही सबब अर्थशास्त्राला मान्य नव्हती. औषध देणाऱ्याने परिणामाची जबाबदारी घेतली पाहिजे, हीदेखील आपलीच परंपरा आहे.

गोठ्यातला बटवा

ग्रंथ राजांच्या हत्ती-घोड्यांचे होते. शेतकऱ्याच्या गाई-म्हशींचे आणि धनगरांच्या मेंढ्यांचे वैद्यक मात्र बहुतांशी अलिखित राहिले. ते राहिले घरातल्या बायकांच्या हातात. शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बाईच जनावराच्या सर्वांत जवळ असते. गाईने आज रवंथ केला नाही, कानाची पाळी गार लागते, एक सड कढत लागतो, हे तिला आधी कळते. रोगनिदानाची पहिली पायरी तिथे आहे.

आता काही उदाहरणे. पावसाळ्यात कोवळा, ओला लसूणघास पोटभर खाल्ला की जनावराचे पोट फुगते. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली जाते. अशा वेळी गावातला जाणता माणूस गोडेतेल पाजतो आणि कडुनिंबाची काठी लगामासारखी तोंडात आडवी बांधतो. वरवर पाहता हा तोडगा वाटेल. प्रत्यक्षात पोटात जो फेस साचलेला असतो, तो तेलाने मोडतो. आणि काठी चघळताना लाळ सुटते, तोंड उघडे राहते, ढेकर येऊन वायू बाहेर पडतो. यामागे कार्यकारणभाव आहे.

जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाच्या पाल्याचा लगदा भरतात. सीताफळाच्या पानाबियांत कीटकनाशक गुण आहे, हे आज सिद्ध आहे. मात्र त्याच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, हेही जुनी माणसे बजावून सांगत. मोडलेल्या पायाला बांबूच्या कांबट्या बांधून कांडवेलीचा लेप देतात. हाड सांधण्याच्या तिच्या गुणावर प्रयोगशाळांत अभ्यास झाले आहेत. जंतांवर पळसपापडी आणि वावडिंग, हगवणीवर कुड्याची साल, खरजेवर करंजाचे तेल, ही यादी पुष्कळ लांबवता येईल.

काही ज्ञान तर औषधाचे नव्हतेच, ते सावधगिरीचे होते. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले कोवळे पोंगे जनावराने खाल्ले की 'किराळ लागते', हे आपला शेतकरी पूर्वापार जाणतो. त्या कोवळ्या ताटांत सायनाइडचे विष तयार होते, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. शेतकऱ्याला त्या विषाचे नाव ठाऊक नव्हते. पण बैल त्या रानात सोडायचा नाही, हे पक्के ठाऊक होते.

आपले सणही या ज्ञानापासून वेगळे नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, कधी सूज येते, कातडे सोलवटते. त्या खांद्यांना गरम पाण्याने शेकून तूप-हळद चोळायची, हा त्या दिवसाचा विधी. बैलाचा खांदा वर्षातून एकदा तरी हाताने चाचपून पाहिला जावा, अशी ही योजना. आज कित्येक ठिकाणी शिंगांना बेगड आणि अंगावर झूल चढते, मिरवणुकीत कर्णे वाजतात आणि खांदा मात्र कोणी पाहत नाही. विधीतला विचार गेला की उरते ती केवळ आरास.

हळद, चुना आणि कोरफड

कोणी म्हणेल, हे सारे ऐकीव आहे. कसोटीवर उतरलेले काही सांगा. तेही आहे.

दुभत्या जनावराला होणारा कासदाह हा दुग्धव्यवसायाचा मोठा शत्रू. कास सुजते, दुधात गुठळ्या येतात, वेळेत उपचार झाला नाही तर सड कायमचा निकामी होतो. तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील प्रा. पुण्यमूर्ती यांनी पशुपालकांकडील उपचार गोळा करून त्यांची छाननी केली. पुढे बेंगळुरूचे ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ आणि आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी ते दूध संघांमार्फत प्रसारात आणले. त्यांतील कासदाहाचा उपचार असा : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचे. कास धुऊन, सडातील दूध पूर्ण काढून टाकायचे आणि थोडा लगदा पाण्यात पातळ करून कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस.

हे वाटण लालसर होते. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीला माहीत आहे. हळदीतले पिवळे द्रव्य नुसत्या पाण्यात फारसे विरघळत नाही. चुन्याच्या क्षारगुणाने ते अधिक विरघळते. तीन वस्तूंची ही सांगड कोणी घातली, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या उपचारात वजन आहे, वेळ आहे, कृती आहे आणि किती दिवस करायचे ते आहे. 'थोडी हळद लावा' एवढ्यावर तो थांबत नाही. परंपरेतील ज्ञान कसोटीवर उतरले की त्याला असे नेमके रूप येते. दिवसातून दहा वेळा लेप लावणे हे कष्टाचे काम आहे, हेही खरे. दोन वेळा लावून 'गुण आला नाही' म्हणणाऱ्याने दोष कोणाला द्यावा?

शहरातल्या घराशी याचा संबंध काय?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज गोठा नाही. सकाळी दारात दुधाची पिशवी येते. मग या विषयाशी आपला संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

संबंध असा की गाईच्या कासेत गेलेले प्रतिजैविक काही काळ तिच्या दुधात उतरते. म्हणूनच औषध दिल्यावर ठरावीक दिवस ते दूध विकू नये, असा नियम आहे. पण ज्याचे घर रोजच्या दुधावर चालते, त्याला चार दिवसांचे दूध ओतून देणे परवडतेच असे नाही. प्रतिजैविकांचा असा सरसकट वापर होत राहिला की जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि मग ती औषधे माणसांच्याही कामी येत नाहीत. हा धोका ओळखूनच केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा दुभत्या आणि मांसासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर बंद केला. साध्या दुखण्यावर सुरक्षित घरगुती उपचार चालत असेल, तर त्याचा लाभ गोठ्यापासून आपल्या मुलाच्या पेल्यापर्यंत पोहोचतो.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. आपल्या लहानपणी मेलेल्या जनावराभोवती जमणारी गिधाडे १९९० च्या दशकात दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले ते २००४ साली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांच्यावरही बंदी आली. लंगडणाऱ्या बैलाला दिलेली एक सुई आकाश ओस पाडू शकते, हे त्यापूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. नव्या औषधालाही कसोटी हवीच, हा त्यातला धडा. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक शोधून दिले, तेही याच आधुनिक विज्ञानाने, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

जेथे थांबलेच पाहिजे

आता मी जे बोलणार आहे, ते काहींना कदाचित रुचणार नाही. पण परंपरेविषयी खरे प्रेम असणाऱ्यानेच ते बोलले पाहिजे.

बुळकांडीने या देशातील गोधन किती वेळा उजाड केले, त्याच्या आठवणी जुन्या पिढीने जपल्या होत्या. त्या रोगापुढे कोणताही काढा चालला नाही. गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तिचेच पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत रूपांतर झाले. १९२० च्या दशकात तेथे बुळकांडीवर लस तयार झाली. १९५४ पासून देशव्यापी मोहीम चालली, खेड्यापाड्यांत लसटोचक पायी फिरले. भारतात १९९५ नंतर बुळकांडीची साथ आली नाही आणि २०११ मध्ये सारे जगच त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. गोमातेची याहून मोठी सेवा कोणत्या शतकात झाली असेल?

घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत या रोगांना प्रतिबंध करते ती लस. घटसर्पात ताप चढतो, गळा सुजतो आणि अनेकदा एका दिवसात जनावर जाते. तेथे पाला शोधत बसण्यास अवधीच नसतो. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत टोचली जाते. तोंडाच्या आणि खुराच्या जखमांना आराम देण्यासाठी घरगुती उपचार जरूर करावेत, पण ते लसीच्या जागी नव्हेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून राज्यात लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हाही हेच दिसले. विड्याची पाने, मिरे, मीठ आणि गूळ यांचे चाटण आजारी जनावराला आधार म्हणून दुग्धविकास मंडळाने सुचविले होते. साथ रोखण्यासाठी मात्र शेळ्यांच्या देवीची लस गोठ्यागोठ्यांत टोचावी लागली.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तर कोणताही पाला नाही, कोणताही मंत्र नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुणे आणि विनाविलंब लस, एवढाच मार्ग. येथे एक धोका विशेष सांगतो. रेबीज झालेल्या गाईला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, घशात काही अडकल्यासारखे वाटते. घरधनी काळजीपोटी तिच्या तोंडात हात घालून पाहतो किंवा काढा पाजू लागतो. तीच लाळ त्याच्या बोटांवरच्या ओरखड्यातून त्याच्या शरीरात जाऊ शकते. मग जनावराबरोबर माणूसही जातो.

आणि डागणी? सुजलेल्या सांध्यावर, फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची चाल आजही काही ठिकाणी आहे. त्या चटक्याने मूळ रोग राहतो तो राहतोच, वर भाजल्याची जखम होते, ती चिघळते. मुक्या जिवाला दिलेली ही यातना 'परंपरा' या नावाखाली खपवून घेता येणार नाही. साधा काढा पाजतानाही जनावराची मान फार उंच धरली, जीभ ओढून धरली, की औषध फुप्फुसात उतरते आणि चांगले जनावर दगावते. उपचार घरगुती आहे म्हणून तो निर्धोक आहे, असे समजू नये.

हळदीचा खटला आणि लेखनाचे मोल

मग यातले काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ठरवायचे कसे? त्यासाठी प्रथम ते लिहिलेले असले पाहिजे. लेखनाचे मोल काय असते, हे हळदीच्या खटल्याने आपल्याला शिकविले.

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आले. आपल्या घराघरांतली गोष्ट कोणा दुसऱ्याची मालमत्ता ठरली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय कशाच्या बळावर मिळाला? 'आमची आजी हळद लावत असे' या सांगण्यावर नव्हे. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून सादर करता आले, म्हणून तो मिळाला. यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय ग्रंथसंग्रह उभारण्याचे काम सुरू झाले.

पण त्या संग्रहाचा आधार ग्रंथ आहेत. धनगराच्या वाड्यावरचे, आदिवासी पाड्यावरचे, गोठ्यातल्या म्हातारीचे ज्ञान ग्रंथांत नाही. ते तिच्याबरोबर चितेवर जाते. तिची नात शहरात शिकते, सून दूध डेअरीला घालून कामाला जाते, गाव सोडलेल्या मुलाने बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला असतो. विचारणारे कोणी नाही, म्हणून ती सांगत नाही. एकेका गावातले हे दप्तर असे निमूटपणे मिटत चालले आहे.

आपण काय करावे?

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तिने ठेवावी, अशी तरतूद आहे. माझी विनंती एवढीच की आपल्या गावी परत गेल्यावर ही नोंदवही मागून पाहा. तिच्यात जनावरांच्या औषधांचे पान आहे का, आणि असेल तर ते कोणाला विचारून भरले आहे, हे तपासा.

नसेल, तर आपण बसा. गावातल्या पाच जाणत्या व्यक्तींकडे जा. त्यांत निदान तीन स्त्रिया असू द्या. रोगाची लक्षणे त्यांच्याच शब्दांत लिहा. वनस्पतीचे स्थानिक नाव लिहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. 'शंखपुष्पी' या एका नावाने निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. म्हणून फुलासह एक फांदी कागदात दाबून वाळवा, महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून शास्त्रीय नाव घ्या. 'मूठभर' म्हटले की ती मूठ तराजूत टाका. किती वेळा, किती दिवस, गाभण जनावराला चालते की नाही, हे विचारा. गुण आला नाही, असेही प्रसंग लिहा. ते लपविणारी वही खोटी ठरते. आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या अनुमतीने, ठळक अक्षरांत लिहा. आजवर ज्ञान घेतले गेले आणि नाव पुसले गेले, तसे पुन्हा होऊ नये.

ही वही तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठापर्यंत ती पोहोचवा. यातले काही उपचार चाचणीत टिकतील, काही गळून पडतील. जे गळेल, त्याचे दुःख करू नये. धान्य पाखडताना फोलपट उडून गेले म्हणून कोणी सूप दोष देत नाही.

आणि वही घेऊन ज्या गोठ्यात जाल, तेथे आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका : 'पावसाळ्यापूर्वीची लस टोचून झाली का?' जुन्या ज्ञानाविषयी आदर आणि नव्या ज्ञानाचा स्वीकार, दोन्ही एकाच दारातून आत गेले पाहिजेत. अशोकाच्या लेखात जेथे औषधी नव्हती तेथे ती आणवून लावल्याचे म्हटले आहे. कोणती औषधी कोठून आली, याचा अभिमान वा संकोच त्यात नाही. जनावर बरे व्हावे, एवढाच विचार आहे. तोच विचार आपण पुढे नेऊ या.